गोळी सुरू केली आणि अंगठा पुन्हा सुजला

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझे यजमान ५१ वर्षांचे आहेत. गेल्या दीड वर्षात त्यांना पायाच्या अंगठ्याचं भयंकर दुखणं चार वेळा झालं. रात्री झोपताना काही नसतं, आणि पहाटे अंगठा लालबुंद, टम्म सुजलेला. पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. पहिल्या वेळी दुखत असतानाच रक्त तपासलं, तर युरिक ॲसिड ६.४ आलं. रिपोर्टवर ते नॉर्मलमध्ये होतं, म्हणून पाय मुरगळला असेल असं ठरलं. तिसऱ्या वेळेनंतर महिन्याभराने तपासलं तर ९.१! डॉक्टरांनी गाऊट आहे असं सांगून ॲलोप्युरिनॉल ३००ची गोळी रोज घ्यायला दिली. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा अटॅक आला, तोही अंगठा आणि घोटा दोन्हीकडे. यांनी गोळी बंद केली. ‘हिच्यामुळेच वाढलं’ असं त्यांचं ठाम मत आहे. आता दुखलं की घरात असेल ती पेनकिलर घेतात, आठवडाभरात बरं वाटतं आणि विषय संपतो. त्यांना बीपीचीही गोळी चालू आहे.

मी घरात डाळी, पालक, टोमॅटो, फ्लॉवर, मशरूम सगळं बंद केलंय. रोज सकाळी लिंबूपाणी देते. तरी सासूबाईंचं म्हणणं, माझ्या हातचं खाऊनच त्यांच्या मुलाचे पाय सुजतात. शनिवारची बिअर मात्र चालू आहे, तिच्याबद्दल कोणी ब्र काढत नाही. गोळी खरंच नडली का? ती जन्मभर घ्यावी लागते का? आणि मी शिजवू तरी काय?

– एक वाचक

उत्तर : गोळीपासून सुरुवात करते, कारण तुमच्या घरातला सगळा गोंधळ तिसऱ्या आठवड्यातल्या त्या अटॅकपाशी येऊन अडकलाय. तुमच्या यजमानांचं निरीक्षण बरोबर आहे. गोळी सुरू केल्यामुळेच तो अटॅक आला असण्याची दाट शक्यता आहे. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र उलटा आहे. ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत अटॅक येणं ही डॉक्टरांना चांगली ठाऊक असलेली गोष्ट आहे, आणि रक्तातलं युरिक ॲसिड उतरायला लागलं की ती घडते. म्हणजे औषध लागू पडत होतं. हे त्यांना गोळी लिहून देतानाच कोणीतरी नीट समजावायला हवं होतं.

असं का होतं ते कळायला गाऊटमध्ये, म्हणजे सांध्यात युरिक ॲसिडचे स्फटिक साठण्याच्या या आजारात, आत काय चालतं ते पाहावं लागेल. आपल्या पेशी रोज मरतात, नव्या तयार होतात. जुन्या पेशींमधले प्युरीन नावाचे घटक मोडले की शेवटी युरिक ॲसिड उरतं. त्यातलं साधारण दोन तृतीयांश असं शरीराच्या स्वतःच्या कारभारातून येतं आणि उरलेलं खाण्यापिण्यातून. बहुतेक सस्तन प्राण्यांत ते आणखी मोडणारं एक एन्झाइम असतं. माणूस आणि त्याच्या जवळच्या वानरांमध्ये ते उत्क्रांतीच्या ओघात निकामी झालं. त्यामुळे आपल्याला ते मुख्यतः लघवीतून आणि काही प्रमाणात आतड्यातून बाहेर टाकण्यावाचून गत्यंतर नाही. गाऊट होणाऱ्या दहांपैकी जवळजवळ नऊ जणांची अडचण इथेच असते. त्यांच्या शरीरात युरिक ॲसिड फार तयार होतं असं नाही. मूत्रपिंडं ते पुरेसं बाहेर टाकत नाहीत.

रक्ताच्या दर डेसिलिटरला साधारण ६.८ मिलिग्रॅमपर्यंत ते विरघळलेलं राहू शकतं. त्याच्या वर गेलं की पाक गार झाल्यावर भांड्याच्या कडेला साखर धरते तसं ते बाहेर पडून स्फटिक धरायला लागतं. थंड जागी ते लवकर धरतं, आणि हृदयापासून सगळ्यात लांब, सगळ्यात गार, चालताना सगळ्यात जास्त दाब सोसणारा सांधा म्हणजे पायाचा अंगठा. हे स्फटिक सुईसारखे टोकदार असतात. सांध्यातलं पाणी सुईने काढून एका खास प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की ते स्पष्ट दिसतात. १९६१ साली मॅकार्टी आणि हॉलंडर या दोन अमेरिकन डॉक्टरांनी ही पद्धत दाखवून दिली आणि आजही गाऊटचं पक्कं निदान तीच करते. प्रत्येकाचा सांधा टोचावा लागतो असं नाही. तुम्ही लिहिलेली लक्षणं आणि ९.१ चा आकडा इतके बोलके आहेत की तुमच्या डॉक्टरांचं निदान मला बरोबर वाटतं. शंका राहिली तर सोनोग्राफीतही हे थर दिसू शकतात.

हे स्फटिक कित्येक वर्षं गप्प पडून असतात. मग कधीतरी त्यांचा थर हलतो, काही कण सांध्याच्या पोकळीत सुटतात आणि पांढऱ्या पेशी त्यांना जंतू समजावेत तशा त्यांच्यावर तुटून पडतात. लाली, सूज, ठणका हे सगळं त्या हल्ल्याचं. थर हलायला निमित्त काहीही पुरतं. पार्टीतलं पिणं, उपाशी राहणं, उन्हातान्हात पाणी कमी पडणं, एखादं ऑपरेशन, ताप, पायाला बसलेली ठेच. आणि रक्तातलं युरिक ॲसिड अचानक खाली येणं हेही एक निमित्तच. पातळी उतरली की थर बाहेरून विरघळू लागतो, सैल होतो, कण सुटतात. तिसऱ्या आठवड्यात अंगठ्यात आणि घोट्यात हेच झालं असणार. घोट्यातही दुखलं याचा अर्थ तिथेही आधीपासून साठा होता.

तुमच्या पहिल्या रिपोर्टचं कोडंही इथेच सुटतं. ऐन अटॅकमध्ये रक्तातलं युरिक ॲसिड बऱ्याच जणांचं तात्पुरतं खाली येतं, कधी अगदी नॉर्मलही दिसतं. त्या दिवशीच्या ६.४ वरून गाऊट नाही असं म्हणता येत नव्हतं. दुखणं थांबून निदान दोन आठवडे गेल्यावर केलेली तपासणी खरी धरायची. शिवाय अनेक लॅबच्या कागदावर पुरुषांसाठी ७ किंवा त्याहूनही वरचा आकडा नॉर्मल म्हणून छापलेला असतो. तो निरोगी लोकसंख्येत काय आढळतं ते सांगतो. ज्याच्या सांध्यात स्फटिक आहेत त्याने त्या छापील रकान्याकडे बघायचंच नाही. त्याचा आकडा ६ च्या खाली हवा. काही देशांत रिपोर्ट मायक्रोमोलमध्ये देतात, तिथे ३६० च्या खाली.

तुमच्या यजमानांना एवढी एकच गोष्ट पटली तरी माझं काम झालं. अटॅक म्हणजे गाऊट नव्हे, अटॅक संपला म्हणजे गाऊट संपला असंही नव्हे. पेनकिलर सूज उतरवते, स्फटिकाच्या एका कणालाही ती हात लावत नाही. आणि गंमत अशी की काहीच न घेता पडून राहिलं तरी बहुतेक अटॅक एक-दोन आठवड्यांत आपोआप शमतो. त्यामुळे माणसाला वाटतं, आपण बरे झालो. मधल्या महिन्यांत साठा वाढतच असतो. आधी वर्षातून एकदा, मग तीनदा, मग एकाऐवजी दोन-तीन सांधे, आणि बरीच वर्षं दुर्लक्ष झालं तर बोटांच्या पेरांवर, कोपरावर, कानाच्या पाळीवर खडूसारख्या पांढऱ्या पदार्थाच्या गाठी. या गाठी शेजारचं हाड कुरतडतात. तुमच्याकडे दीड वर्षात चार अटॅक झालेत आणि नवा सांधा धरलाय. म्हणजे रोजच्या औषधाची गरज आहे की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. वर्षात दोन किंवा अधिक अटॅक येत असले तर जगभरचे डॉक्टर ते सुरू करायलाच सांगतात. (उलट ज्यांना कधीच अटॅक आलेला नाही, नुसता रिपोर्टमध्ये आकडा वाढलाय, त्यांना सहसा औषध लागत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण आता हा लेख वाचून चार घरांत विनाकारण गोळ्या सुरू व्हायला नकोत.)

मग ती गोळी पुन्हा सुरू कशी करायची? एकदम ३०० ने नाही. ॲलोप्युरिनॉल साधारणपणे १०० मिलिग्रॅमने सुरू करतात, मूत्रपिंडं कमजोर असतील तर त्याहूनही कमीने, आणि दर दोन ते चार-पाच आठवड्यांनी रक्त तपासत डोस पायरीपायरीने चढवतात. युरिक ॲसिड ६ च्या खाली आलं की डोस वाढवणं थांबवतात, गोळी नाही. कुणाला २०० पुरतात, कुणाला ४०० किंवा ५०० लागतात, आणि मोठ्या डोसला बिचकायचं कारण नाही. घाबरायला हवं ते मोठ्या सुरुवातीला. सावकाश सुरुवात केली की पातळी धाडकन खाली येत नाही, त्यामुळे अटॅकही कमी येतात, आणि औषधाची गंभीर ॲलर्जी येण्याचा धोकाही घटतो.

त्याच्या जोडीने पहिले तीन ते सहा महिने रोज कोल्चिसिन या सूज उतरवणाऱ्या औषधाची लहान गोळी देतात, नेमकं हेच तिसऱ्या आठवड्यातलं संकट टाळायला. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही, त्यामुळे ती दिली गेली नसावी असा माझा अंदाज आहे. कुणाला ती चालत नसेल तर कमी डोसात दुसरं सूज उतरवणारं औषध देतात. एवढं करूनही एखादा अटॅक आलाच, तर अटॅकचा इलाज वेगळा करायचा आणि ॲलोप्युरिनॉल चालूच ठेवायची. बंद-चालू, बंद-चालू केलं की पातळी वरखाली होत राहते आणि प्रत्येक हेलकाव्याला स्फटिक हलतात. दुर्दैवाने बहुतेक घरांत हेच चालतं.

ॲलोप्युरिनॉलच्या बाबतीत एक गोष्ट मात्र हलक्यात घ्यायची नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड, डोळ्यांची आग, चेहऱ्याला सूज यातलं काही दिसलं तर गोळी त्याच क्षणी बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. ही प्रतिक्रिया क्वचित येते, पण आली तर जिवावर बेतू शकते. एचएलए-बी ५८०१ नावाचा एक जनुकप्रकार असणाऱ्यांत तिचा धोका बराच जास्त असतो. हान चिनी, कोरियन, थाई आणि आफ्रिकन-अमेरिकन वंशाच्या रुग्णांत म्हणूनच औषधाआधी त्याची तपासणी सुचवली जाते. तुमच्या यजमानांनी तीन आठवडे ३०० घेऊनही पुरळ आलेलं दिसत नाही, ही त्यातल्या त्यात चांगली बाब. तरी पुन्हा सुरू करताना लक्ष तेवढंच ठेवा. आणि कुठल्याही आजारासाठी ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगायचं, कारण या दोन गोळ्या एकत्र घेतल्या तर रक्तपेशी धोकादायकरीत्या घटू शकतात. ॲलोप्युरिनॉल मानवलीच नाही तर युरिक ॲसिड उतरवणारं फेबुक्सोस्टॅट नावाचं दुसरं औषध आहे. ज्यांना हृदयविकार आहे त्यांच्यात ते बेतानं वापरतात. २०१८ साली आलेल्या एका मोठ्या चाचणीत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंबद्दल शंका उपस्थित झाली होती, २०२० च्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत ती दिसली नाही. निर्णय डॉक्टरांवर सोडा.

‘जन्मभर?’ हा तुमचा प्रश्न. हो, बहुतेकांना जन्मभर. मूत्रपिंडांचा तो स्वभाव बदलत नाही, त्यामुळे गोळी थांबवली की पातळी पुन्हा चढते आणि स्फटिक पुन्हा धरू लागतात. पण ती गोळी घेऊन काय मिळतं तेही बघा. आकडा सतत ६ च्या खाली राहिला तर जुना साठा विरघळून जातो. महिने लागतात, गाठी असतील तर कित्येकदा दोन-तीन वर्षं, आणि अशा रुग्णांत डॉक्टर ५ च्या खाली जायचा प्रयत्न करतात. साठा संपला की अटॅक यायला काही उरतच नाही. इतक्या वेदनादायी आणि जुनाट आजारांमध्ये असं म्हणता येणारे आजार फार थोडे आहेत. बीपीची गोळी ते रोज मुकाट्याने घेतातच ना?

या बाबतीत मला इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा एक अभ्यास फार आवडतो. २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. गाऊटच्या ५१७ रुग्णांपैकी अर्ध्यांकडे प्रशिक्षित परिचारिकांनी लक्ष दिलं, अर्धे नेहमीप्रमाणे आपापल्या डॉक्टरांकडे गेले. औषधं तीच. परिचारिकांनी वेगळं काय केलं? आजार समजावून सांगितला, शंका ऐकून घेतल्या, सुरुवातीचे अटॅक येतील हे आधीच सांगितलं, आकडा खाली येईपर्यंत डोस वाढवत नेला. दोन वर्षांनी त्यांच्याकडच्या ९५ टक्के रुग्णांचा आकडा ६ च्या खाली होता. दुसऱ्या गटात फक्त ३० टक्के.

आता अटॅक आल्यावर काय करायचं ते. औषध जितकं लवकर, तितकं चांगलं. पहिल्या २४ तासांत घेतलेलं सर्वांत उपयोगी. पर्याय तीन आहेत : सूज उतरवणाऱ्या पेनकिलर, कोल्चिसिन, किंवा थोडे दिवस स्टेरॉइड. तिन्ही काम करतात, कुणाला काय चालेल ते त्याच्या बाकीच्या आजारांवर ठरतं. तुमच्या घरातल्या पेनकिलरची मला काळजी वाटते. बीपी असणाऱ्या माणसाने त्या मनाने घेत राहिल्या तर बीपी वाढतं, मूत्रपिंडांवर ताण येतो, पोटात अल्सर होऊ शकतो. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणारी रक्ततपासणी, केल्याशिवाय ती पट्टी पुन्हा उघडू नका. कोल्चिसिन जास्त घेतलं म्हणजे जास्त गुण येतो हाही जुना गैरसमज. आधी एक डोस आणि तासाभराने त्याच्या निम्मा, एवढ्याने तेवढाच आराम पडतो आणि जुलाब कितीतरी कमी होतात, हे २०१० च्या एका चाचणीत दिसलं. ते चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही ॲंटिबायोटिक्स घ्यायची नसतात, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबरही जपावं लागतं. स्टेरॉइडने मधुमेह असेल तर साखर चढते. घरी करण्यासारखं एवढंच : पाय उशीवर उंच, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ, भरपूर पाणी. चोळायचं नाही, शेकायचं नाही, मालीश तर अजिबात नाही. पांघरुणासाठी पलंगाच्या पायथ्याशी एक खोकं उभं करा आणि चादर त्याच्यावरून सोडा, अंगठ्याला टेकणार नाही.

सांधा सुजलाय आणि जोडीला थंडी वाजून ताप आहे, माणूस एकंदरीत मलूल दिसतोय, तर गाऊट समजून घरी थांबू नका. सांध्यात जंतुसंसर्ग झाला तरी असंच दिसतं, आणि तिथे काही तासांचा उशीरही सांधा घालवू शकतो.

आता तुमचं स्वयंपाकघर. डाळी परत आणा. पालक, टोमॅटो, फ्लॉवर, मशरूम, सगळं परत आणा. २००४ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ४७ हजारांवर पुरुषांचं खाणंपिणं १२ वर्षं नोंदवलं होतं. मांस आणि मासे, विशेषतः कवचातले, जास्त खाणाऱ्यांत गाऊट जास्त आढळला. प्युरीन भरपूर असलेल्या भाज्या आणि कडधान्यं खाणाऱ्यांत मात्र नाही. दूध-दही, तेही कमी स्निग्धांशाचं, घेणाऱ्यांत उलट कमी आढळला. टोमॅटोने आपल्याला होतं असं काही रुग्ण सांगतात. तुमच्या यजमानांच्या बाबतीत तसं दोन-तीनदा दिसलं असेल तर त्याच्यापुरतं पथ्य ठेवा, घराला वेठीला धरू नका. टाळायचं ते एवढं : यकृत, गुर्दा असले अवयव, लाल मांस मापात, साखर घातलेली शीतपेयं आणि गोड रसाचे डबे, कारण त्यातलं फ्रुक्टोज मोडताना थेट युरिक ॲसिड तयार होतं. आणि ती शनिवारची बिअर. सगळ्या प्रकारच्या मद्यांत युरिक ॲसिड वाढवण्यात बिअर आघाडीवर आहे, कारण तिच्यात मद्य आणि प्युरीन दोन्ही असतं. निदान आकडा ६ च्या खाली येऊन सहा महिने अटॅकविना जाईपर्यंत ती बंद ठेवायला सांगा. घरातल्या सगळ्यांनी मिळून सांगा, तुम्ही एकटीने नाही.

पण पथ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. काटेकोर पथ्यानेही आकडा जेमतेम एखाद्या मिलिग्रॅमने उतरतो. ९.१ वरून ६ च्या खाली पथ्याने पोचणारा माणूस विरळा. २०१८ मध्ये युरोपीय वंशाच्या सोळा हजारांहून अधिक लोकांच्या माहितीचं विश्लेषण झालं. माणसामाणसांतल्या युरिक ॲसिडच्या फरकांपैकी आहारामुळे होणारा फरक एक टक्काही भरला नाही, जनुकांमुळे होणारा जवळपास चोवीस टक्के. सासूबाईंना हे हळूच वाचून दाखवा. मुलाचं युरिक ॲसिड सुनेच्या पातेल्यात कमी आणि आईवडिलांच्या रक्तात जास्त शोधावं लागतं. अर्थात त्यांचाही यात दोष नाही. जनुकं कोणी निवडून देत नाही.

हा ठपक्याचा रोग फार जुना आहे. गाऊट म्हणजे खाऊन-पिऊन ओढवून घेतलेलं दुखणं, श्रीमंतांचं लाडकं दुखणं, अशी त्याची थट्टा शतकानुशतकं चालत आली. १६८३ साली टॉमस सिडनहॅम या इंग्रज डॉक्टरने त्याचं वर्णन लिहिलं. तो स्वतः गाऊटने बेजार होता. रात्री दोनच्या सुमारास जाग, अंगठ्यातली कळ, पांघरुणाचा भार आणि खोलीत कोणी चाललं तर त्या हादऱ्यानेही होणारी तडफड, हे सगळं त्यात आहे. तुमचं पत्र वाचताना मला त्याची आठवण झाली. १८४८ मध्ये आल्फ्रेड गॅरॉड यांनी रुग्णांच्या रक्तात युरिक ॲसिड वाढलेलं असतं हे दाखवलं, आणि १९६० च्या दशकात गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या कामातून ॲलोप्युरिनॉल आलं. खरं तर ते रक्ताच्या कर्करोगाच्या एका औषधाचा परिणाम टिकवण्यासाठी बनवलं होतं. युरिक ॲसिड उतरतं हे नंतर लक्षात आलं आणि गाऊटचं नशीब उघडलं. दोघांना १९८८ साली नोबेल मिळालं. थट्टा मात्र अजून थांबलेली नाही, आणि तिचा तोटा असा की माणूस लाजून डॉक्टरकडे जात नाही, पथ्य वाढवत बसतो.

वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने फायदा होतो, पण सावकाश. कडक उपास, दोन दिवस नुसतं पाणी असले प्रकार करू नका. उपाशी शरीरात तयार होणारे कीटोन युरिक ॲसिडला लघवीतून जाऊ देत नाहीत आणि नेमका तेव्हाच अटॅक येतो. लिंबूपाणी साखर न घालता खुशाल द्या, तेवढंच पाणी पोटात जातं; स्फटिक विरघळवण्याची ताकद त्यात नाही. कॉफी चालते. चेरी खाणाऱ्यांत अटॅक थोडे कमी दिसल्याचे अभ्यास आहेत, पण गोळीच्या जागी चेरी असा सौदा करू नका.

बीपीच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त उत्सुकता त्याचीच आहे. बीपीच्या पुष्कळ गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं. थायझाइड गटातलं ते असेल तर युरिक ॲसिड बाहेर टाकण्याचं मूत्रपिंडांचं काम ते आणखी अडवतं. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात घटकांची नावं असतात. हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन दिसतंय का पाहा. असेल तर मनाने बंद करू नका, पण ती बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा. लोसार्टन नावाचं बीपीचं औषध युरिक ॲसिड थोडं उतरवतं, त्यामुळे ते बऱ्याचदा पर्याय म्हणून निवडलं जातं. हृदयासाठी लहान ॲस्पिरिन चालू असेल तर त्यानेही आकडा थोडा चढतो, पण ती हृदयासाठी आवश्यक आहे, तिला हात लावायचा नाही.

पुढच्या भेटीला तुम्हीही बरोबर जा. जाताना दोन्ही जुने रिपोर्ट, बीपीच्या गोळीची पट्टी, घरातल्या पेनकिलरची पट्टी आणि अटॅकच्या तारखा लिहिलेला कागद न्या. युरिक ॲसिड, क्रिएटिनिन, साखर, कोलेस्टेरॉल आणि यकृताची तपासणी आधीच करून घेतली तर एक खेप वाचेल; गाऊटच्या जोडीला बीपी, मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास, मुतखडा यांपैकी काहीतरी सापडण्याची शक्यता बरीच असते. आणि डॉक्टरांना तीन गोष्टी थेट विचारा. सुरुवात १०० ने करू का? जोडीला कोल्चिसिन किती महिने? पहिला रिपोर्ट कधी? ॲलोप्युरिनॉल आपण मधेच बंद केली होती हेही सांगून टाका. रागावले तर रागावू देत, पण डोस त्यावरच ठरणार आहे.